घटस्फोटानंतर लग्नातल्या दागिन्यांची नवी घडण : काय आटवावे आणि काय राखावे?

निशिगंध :

परस्परसंमतीने झालेल्या आमच्या घटस्फोटाचा हुकूमनामा मिळून बराच काळ लोटला, घर बदलले, बँकेची खाती वेगळी झाली, परंतु लग्नात अंगावर आलेले दागिने अजूनही लॉकरमध्ये त्याच मखमली डब्यांत पडून आहेत. ते विकून पैसे करावेत असे मला वाटत नाही, कारण त्यांतील निम्म्याहून अधिक सोने माझ्या आईवडिलांनी भिशी लावून, बोनसचे पैसे बाजूला ठेवून वर्षानुवर्षे जमवलेले आहे. मात्र आहे त्या रूपात ते मी पुन्हा कधी घालीन असेही नाही. म्हणून त्यांतून रोज कामावर जाताना वापरता येईल असे काही नवे घडवून घ्यावे, असे मनाने घेतले आहे.

दागिने असे आहेत. दोन वाट्यांचे मंगळसूत्र, ज्यातील एक वाटी माहेरची आणि एक सासरची आहे. आईने केलेली पाटल्यांची जोडी, जिच्या आतल्या बाजूला माझ्या माहेरच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली आहेत. आजीची बोरमाळ. सासरकडून आलेले तोडे आणि साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी. शिवाय एक मोत्यांची नथ, जी आमच्या लग्नाआधी माझ्या मावशीने वापरलेली होती.

यांतील काय आटवणे योग्य ठरेल, सोनाराकडे देताना कोणती काळजी घ्यावी, आणि सासरकडून आलेल्या वस्तूंना हात लावण्याआधी कायद्याच्या दृष्टीने काही पाहावे लागते का, हे मला समजून घ्यायचे आहे. आईला मंगळसूत्र आटवण्याची कल्पना सहन होत नाही. ते कोल्हापूरला अंबाबाईच्या चरणी वाहावे असे तिचे म्हणणे आहे. तिचे मन मोडायचे नाही, पण त्यातील सोने माझ्या अंगावर राहावे असेही मला मनापासून वाटते.

कसोटी :

ताई, साताऱ्याकडे आमचा तीन पिढ्यांचा सोनारकीचा व्यवसाय आहे आणि अशा प्रकारचे काम अलीकडे वारंवार येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम बोरमाळ बाजूला काढा. जुन्या बोरमाळेचे आणि मोहनमाळेचे मणी पातळ पत्र्याचे, आतून पोकळ असतात आणि त्यांना आकार टिकावा म्हणून आत लाख भरलेली असते. माळ वजनाला भरते खरी, परंतु आटवताना लाख जळून जाते आणि हाती येणारे सोने पाहून गिऱ्हाईक हबकते. त्यातून मनात सोनाराविषयी संशय येतो, तो निराळाच. बोरमाळ माळा ओवणाऱ्या पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्यावी. मण्यांना चेपा पडले असतील तर तेवढे मणी दुरुस्त होतात. असे मणी हाताने करणारे कारागीर आता कमी राहिले आहेत, हेही एक कारण आहे.

नथीलाही आगीजवळ नेऊ नये. मोती उष्णतेने आणि आम्लाने खराब होतो, त्याचे पाणी जाते आणि ते परत आणता येत नाही. तार बदलून, मोती नव्याने ओवून नथ हवी तशी लहान करता येते. अंगठीतील हिरा आधी कोंदणातून काढून घ्यावा, त्याचे वजन वेगळे करून घ्यावे, प्रमाणपत्र असेल तर त्यावरील क्रमांक जुळतो का ते भिंगातून पाहावे, आणि मगच अंगठीचे सोने आटवायला द्यावे.

आता मुख्य मुद्दा. जुन्या दागिन्यातून नवा दागिना करण्याच्या दोन वाटा आहेत आणि दुकानात त्या एकाच दमात सांगितल्या जातात. पहिली वाट मोडीची : तुमचा दागिना मोडीत घालून त्याची किंमत ठरवली जाते आणि त्या रकमेत दुकानातील दुसरा दागिना दिला जातो. दुसरी वाट घडणावळीची : तुमचेच सोने तुमच्यासमोर आटवून त्याचीच नवी वस्तू करून दिली जाते आणि तुम्ही फक्त घडणावळ मोजता. आईवडिलांनी दिलेले सोने अंगावर राहावे अशी तुमची इच्छा असेल, तर पहिल्या वाटेने ती पूर्ण होत नाही, कारण मोडीचे सोने दुसऱ्याच दिवशी इतरांच्या सोन्यात मिसळून गलाईला, म्हणजे वितळवून शुद्ध करायला, गेलेले असते. (विटा, खानापूर, आटपाडी या भागांतील गलाई व्यावसायिक देशभरातील सराफ बाजारांत हेच काम करतात आणि त्यांच्या हातची शुद्धता नावाजलेली आहे, हे जाता जाता सांगतो.) करातही फरक पडतो. नवा दागिना विकत घेतला तर सोन्याच्या किमतीवर ३ टक्के जीएसटी लागतो. आपले सोने देऊन घडवून घेतले तर नोंदणीकृत सोनार फक्त घडणावळीवर ५ टक्के लावतो.

तपासणी दोनदा करून घ्यावी. आटवण्यापूर्वी यंत्रावर जी तपासणी होते ती क्ष-किरणांनी होते आणि ती केवळ वरच्या थराचे प्रमाण सांगते. तोड्यांसारख्या जाड वस्तूत आत काय आहे, झाळणीच्या, म्हणजे सांधा जोडलेल्या, जागी काय आहे, हे तिला दिसत नाही. आटवून लगड, म्हणजे सोन्याची कांडी, झाली की सारे एकजीव होते आणि त्या लगडीची तपासणी खरी मानावी. तुमच्या दागिन्यांवर हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची अधिकृत खूण, नसेल तर भारतीय मानक ब्युरोच्या मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात कोणीही ग्राहक स्वतः जाऊन शुल्क भरून तपासणी करून घेऊ शकतो आणि तेथे लेखी अहवाल मिळतो. सोनाराचे तोंडी बोलणे आणि केंद्राचा कागद यांत मी स्वतः सोनार असूनही कागदाला अधिक मानतो.

शमीवृक्ष :

कौटुंबिक न्यायालयात काम करत असल्याने कायद्याच्या बाजूविषयी लिहिते.

विवाहापूर्वी, विवाहात आणि विवाहानंतर वधूला मिळालेल्या भेटी हे तिचे स्त्रीधन असते, आणि त्यात माहेरच्यांनी दिलेल्या दागिन्यांप्रमाणेच सासरच्यांनी तिला दिलेले दागिनेही येतात. प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या १९८५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्त्रीधनावर पत्नीची संपूर्ण मालकी असते, आणि ते पतीच्या किंवा सासरच्यांच्या ताब्यात असले तरी ते केवळ विश्वासाने सांभाळणारे असतात. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा एकदा सांगितले की स्त्रीधन ही पती-पत्नीची संयुक्त मालमत्ता होत नाही. अडचणीच्या वेळी पतीने ते वापरले तरी परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. मुस्लिम महिलांसाठी १९८६ च्या कायद्यातील कलम ३ अन्वये विवाहाच्या वेळी व नंतर मिळालेल्या भेटवस्तूंवरील हक्क मान्य केलेला आहे.

तरीही, निशिगंध, सोनाराकडे जाण्याआधी तुम्ही एक गोष्ट अवश्य करावी. तुमचा घटस्फोट परस्परसंमतीने झालेला आहे, म्हणजे त्यात संमतीच्या अटींचा दस्त असणार. तो काढून पुन्हा वाचा. अनेकदा त्यात दागिन्यांची यादी असते आणि कोणती वस्तू कोणी ठेवायची किंवा परत करायची, हे लिहिलेले असते. तुम्ही त्यावर सही केलेली असेल तर स्त्रीधनाचा सर्वसाधारण नियम काहीही असला तरी त्या अटी तुमच्यावर बंधनकारक आहेत. तोडे तुमच्याकडे राहतील असे तेथे असेल, किंवा 'उभयतांचे एकमेकांकडे काही येणे राहिलेले नाही' असे कलम असेल आणि तोडे तेव्हा तुमच्याच ताब्यात असतील, तर ते आटवायला सहसा कोणतीही आडकाठी नसते. अटी संदिग्ध असतील तर आपल्या वकिलांकडून आधी लेखी मत घ्या. आटवलेली वस्तू पूर्वरूपात आणता येत नाही. म्हणून प्रत्येक दागिन्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र, वजन आणि जुनी पावती एकत्र जपून ठेवा.

या कागदांचा उपयोग आयकरासाठीही होतो. जुना दागिना मोडीत घालून नवा घेणे हे आयकराच्या दृष्टीने हस्तांतरण आहे, आणि २३ जुलै २०२४ पासून, चोवीस महिन्यांपेक्षा अधिक काळ मालकीच्या असलेल्या दागिन्यांवरील भांडवली नफ्यावर १२.५ टक्के दराने कर लागतो. भेट मिळालेल्या दागिन्याच्या बाबतीत तो देणाऱ्याने ज्या किमतीला घेतला ती किंमत धरली जाते, म्हणून आईकडे पाटल्यांची पावती असेल तर ती मागून घ्या. आपलेच सोने आपल्याला घडवून मिळते तेव्हा विक्री होत नाही. कसोटी यांनी सांगितलेली दुसरी वाट या कारणानेही मला अधिक पटते.

सांजवात :

माझ्या मुलीच्या बाबतीत आम्ही या सगळ्यातून गेलो आहोत, म्हणून निशिगंध, तुझ्या आईच्या बाजूने दोन शब्द लिहिते. आम्हा आईबापांना सोन्याच्या किमतीपेक्षा त्या वस्तूचे आपल्या हातून अमंगळ होऊ नये याची धास्ती अधिक असते. ती धास्ती वेडगळ म्हणून झटकून टाकू नकोस. मंगळसूत्रातील काळे मणी आणि सोन्याच्या वाट्या या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे ध्यानात घे. आम्ही मणी उतरवून ते देवीला वाहिले आणि वाट्या व सोन्याची साखळी मुलीने स्वतःसाठी ठेवली. सोनेच वाहायचे असेल तर मोठ्या देवस्थानांत दागिन्याची नोंद होऊन पावती मिळते. अंबाबाईचे मंदिर पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत आहे, तेथे रीतसर अर्पण करता येते. परंतु तुझी इच्छा वेगळी आहे, आणि सोने तुझे आहे. आईला आपल्याबरोबर घेऊन जा, मणी तिच्या हातून वाहू दे, आणि वाट्यांविषयीचा निर्णय तू घे. आईला तुझा निर्णय पटायला थोडा वेळ लागेल, तो तिला मिळू दे.

काळीमाती :

पाटल्या आटवू नयेत असे माझे ठाम मत आहे. पाटली घटस्फोटाशी बांधलेली नाही. ती आईने मुलीला दिलेली आहे, त्यावर माहेरचे नाव आहे, आणि पाटल्या रोज घालता येतात. घडणावळ देऊन तेच सोने दुसऱ्या आकारात आणण्यात काय मिळवणार? लग्नाच्या दिवशी अंगावर होती एवढ्याच कारणाने प्रत्येक वस्तूला त्या लग्नाची वस्तू मानणे मला मान्य नाही. एकूणच, जितके कमी आटवाल तितके बरे.

पैलतीर :

न्यू जर्सीत राहून मी हेच काम भारतात करून घेतले, म्हणून परदेशातील मैत्रिणींसाठी लिहिते. इथल्या बहुतेक सराफांची कामे चौदा किंवा अठरा कॅरेटची असतात आणि बावीस कॅरेटचे आपल्या पद्धतीचे काम करायला ते सहसा तयार होत नाहीत. त्यामुळे सुट्टीत भारतात जाऊन घडवून घेणे सोयीचे जाते. मात्र जे दागिने आधीपासून तुमचे आहेत ते भारतातून बाहेर नेताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे; पुढच्या वेळी तेच दागिने परत आणताना नवी खरेदी समजून शुल्क मागितले जाण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो. नवा दागिना घडवल्यानंतर जुने प्रमाणपत्र त्याला लागू होत नाही, ते नव्याने करावे लागते. वेळेचेही भान ठेवा : हाताचे काम ठरलेल्या तारखेला मिळेलच असे धरून परतीचे तिकीट काढू नये.

निशिगंध :

सर्वांचे मनापासून आभार. संमतीच्या अटी काढून वाचल्या. तोडे आणि अंगठी यांची नावे घेऊन ती माझ्याकडे राहतील असे त्यात लिहिलेले आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला. काळीमाती यांचे पाटल्यांविषयीचे म्हणणे मला पूर्णपणे पटले आणि पाटल्या, बोरमाळ व नथ मी आहे तशाच ठेवणार आहे. मणी वाहण्याचा सांजवात काकूंचा मार्ग आईलाही मान्य आहे.

राहिले तोडे, दोन वाट्या, मंगळसूत्राची सोन्याची साखळी आणि अंगठी. एक नाजूक कडे आणि हिरा बसवलेले एक पदक करावे असा विचार आहे. कसोटी काका, माझा खरा प्रश्न हा आहे की माहेरच्या वाटीचे सोने आणि सासरचे सोने एकाच मुशीत, म्हणजे सोने वितळवण्याच्या भांड्यात, जाऊ नये असे मला वाटते. हे शक्य असते का? दुकानात विचारले तेव्हा 'सोने ते सोनेच' असे उत्तर मिळाले.

कसोटी :

शक्य असते, आणि गिऱ्हाइकाने सांगितले तर सोनाराने ते केलेच पाहिजे. दोन निरनिराळ्या मुशी वापरायच्या, दोन लगडी पाडायच्या आणि प्रत्येक लगडीवर खूण करायची, एवढेच त्यात आहे. वाटी लहान असते, त्यामुळे त्या लगडीतून जेमतेम पदकाची कड किंवा वरची कडी होईल, परंतु तेवढे निश्चित होईल. सासरचे सोने कड्याला आणि माहेरचे पदकाला, असेही करता येईल.

आटवताना समोर बसा. वाटीच्या तळाला झाळलेली जागा असते, तिथे पूर्वी हलक्या प्रतीच्या सोन्याची झाळ वापरीत. ती कापून वेगळी काढा असे सांगा, म्हणजे उरलेल्या सोन्याचा कस वर राहतो. मूस तापली की तीत सोन्याचे तुकडे आणि चिमूटभर टाकणखार घालतात. मळ टाकणखारात ओढला जाऊन कडेला काचेसारखा साचतो आणि मध्ये सोने आरशासारखे लख्ख होऊन थरथरू लागते. शुद्ध सोने १०६४ अंशांना वितळते, बावीस कॅरेट त्याच्याही खाली, त्यामुळे फार वेळ लागत नाही. मुशीच्या तळाला सोन्याचे बारीक मणी चिकटून राहतात. ते खरवडून तुमच्या लगडीत आले का, हे पाहून मगच उठा. आमच्या धंद्यात भट्टीजवळचा केरसुद्धा त्यातून सोन्याचे कण काढणाऱ्या झारेकऱ्याला विकला जातो, यावरून त्या कणांचे मोल ध्यानात यावे.

आता कॅरेटविषयी. बावीस कॅरेटचे सोने मऊ असते, त्यात हिरा घट्ट धरून राहत नाही, म्हणून पदक अठरा कॅरेटचे करावे लागेल. हिशेब असा मांडावा : लगड ३० ग्रॅमची आणि तपासणीत ९१६, म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध, निघाली, तर तीत शुद्ध सोने २७.४८ ग्रॅम आहे. त्याचेच अठरा कॅरेट, म्हणजे ७५० केले, तर मिश्रधातू पडून वजन ३६.६४ ग्रॅम होते. वजन वाढले तरी शुद्ध सोने तितकेच आहे. म्हणून पावतीवर वजनाबरोबर शुद्धता लिहून घ्या, नाहीतर वाढीव वजनावर ग्रॅममागे घडणावळ लावली जाते आणि ते लक्षातही येत नाही. कडे बावीस कॅरेटचेच ठेवा. रोजच्या वापरात पोचे पडू नयेत म्हणून ते पोकळ न करता भरीव पण बारीक करावे.

रानजाई :

कसोटी यांच्या म्हणण्याला मी अनुभवाने एक पुरवणी जोडते. घटस्फोटानंतर मी तोड्यांचे पदक केले तेव्हा नक्षी संगणकावर काढून, तिचा मेणाचा नमुना करून, ओतीव पद्धतीने काम करायचे ठरले होते. त्या वेळी कारखान्यात चौकशी केल्यावर कळले की मेणाचे अनेक नमुने एका झाडासारखे जोडून एकदम ओतले जातात आणि त्यात सर्वांचे सोने एकत्र होते. हिशेब ग्रॅमचा चोख ठेवला जातो, त्यात लबाडी काही नाही, परंतु आपल्याला आपलेच सोने हवे असेल तर आपला नमुना वेगळा ओतायला लेखी सांगावे लागते. वेगळ्या ओतकामासाठी सोने ज्यातून ओततात त्या नळीत आणि बुंध्यात जास्तीचे सोने लागते, ते काम झाल्यावर आपल्याला परत मिळते. ते परत घ्यायला विसरू नका. मी त्या उरलेल्या सोन्याची मुलीसाठी साधी कुडी करून घेतली आणि तो माझ्या सगळ्यात आवडता भाग ठरला.

रचनेविषयी घाई करू नका, असेही सांगावेसे वाटते. आधी तीच नक्षी चांदीत करून घ्या आणि काही दिवस घालून पाहा. चांदीची घडणावळ सोन्याच्या मानाने थोडी असते. माझ्या पहिल्या कल्पनेत वाटीचा आकार तसाच दिसत होता. चांदीतला नमुना गळ्यात घातल्यावर ओळखीच्या बायका नजर खाली नेऊन मंगळसूत्र शोधू लागल्या, तेव्हा मी आकार बदलला. कोणी वाटीचा आकार मुद्दाम ठेवील, तेही योग्यच आहे. पण आपल्याला कोणते हवे आहे, हे सोने ओतण्यापूर्वी कळलेले बरे.

निशिगंध :

चांदीच्या नमुन्याची सूचना फार मोलाची आहे. मी पदक ओतीव न करता हातानेच करून घेईन, म्हणजे माझे सोने इतरांच्या सोन्यात मिसळण्याचा प्रश्नच येणार नाही. एक शेवटची शंका : नव्या वस्तूंवर हॉलमार्क मिळतो का? सोने माझे असल्याने 'त्याची गरज नाही' असे एका ठिकाणी सांगण्यात आले.

कसोटी :

गरज तुमची आहे, म्हणून आग्रह धरा. जुना दागिना आटला की त्याच्यावरील खूण संपते. नव्या वस्तूला नवी खूण लागते. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी क्रमांक असलेला हॉलमार्कच विक्रीसाठी ग्राह्य आहे. वार्षिक उलाढाल ४० लाखांखाली असलेल्या लहान सोनारांना यातून सूट आहे, त्यामुळे हाताचे उत्तम काम करणारा कारागीर ब्युरोकडे नोंदणीकृत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी वस्तू त्याच्याकडून घडवून घ्या आणि नोंदणीकृत सराफामार्फत हॉलमार्क केंद्रात पाठवा. दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून पदकाची कडी वेगळी न ठेवता पदकाला झाळून एकच वस्तू करावी. वस्तू हाती आल्यावर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर क्रमांक टाकून शुद्धता आणि वस्तूचा प्रकार जुळतो का ते दुकानातच पाहा, कड्याचे आणि पदकाचे क्रमांक वेगळे असले पाहिजेत, आणि पावतीवर 'ग्राहकाचे सोने' असे लिहून घेतल्याशिवाय घडणावळीचे पैसे देऊ नका.